हर्नडनमार्गे स्लोव्हेनिया

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या मराठी मंडळींत नुसतं युरोपला जाऊन येऊन भागत नाही. आल्यावर सगळ्यांना बेसमेंटमध्ये बसवून फोटो दाखवावे लागतात, वर मिसळही खायला घालावी लागते. गुरुनाथने तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग या चालीवर आधीच ग्रुपवर जाहीर केलं होतं, "आम्ही यंदा स्लोव्हेनिया! रोज एक डे ट्रिप. तळं, गुहा, जुनी गावं."

मग कंपनीच्या वकिलाचा फोन आला. आत्ता देशाबाहेर गेलात तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी किती महिने अडकाल सांगता येत नाही, तोवर नोकरी राहील याची खात्री नाही.

तिकिटं कॅन्सल झाली. पण फुशारकी कशी कॅन्सल करायची? इतकी वर्षं इथे राहून, घर घेऊन, आपण अजून परवानगीशिवाय हलू शकत नाही, हे लिहायची गुरुनाथला लाज वाटली.

"खरं सांगून टाकू या," त्याची बायको शुभा म्हणाली.

"मनोहरदादा काय म्हणेल?"

मनोहरदादा म्हणजे ग्रुपमधला युरोपचा शेवटचा शब्द. गेल्याच वर्षी तो स्लोव्हेनिया करून आला होता आणि त्यावर अजून बोलत होता.

तेव्हा नवराबायकोने व्हर्जिनियातच स्लोव्हेनिया उरकला. भर जुलैत शुभाने गळ्यात स्कार्फ बांधला. तळ्याच्या फोटोतून पिकअप ट्रक कापले, गावाच्या फोटोतून अमेरिकेचे झेंडे. दोन तासांवरच्या गुहेबाहेर एक म्हातारी ट्रकमधून उकडलेल्या शेंगा विकत होती. शुभाने दोन पिशव्या घेतल्या, तिथेच कठड्यावर बसून खाल्ल्या आणि सुट्टीभरात पहिल्यांदा मनापासून हसली. तो फोटो गुरुनाथने काढून टाकला. स्लोव्हेनियात कुठल्या आल्यात शेंगा!

फोटोंच्या दिवशी मनोहरदादा मिसळीची प्लेट घेऊन पहिल्याच खुर्चीत बसला. तळं निभावलं. गावही निभावलं. मग गुहा आली.

"थांब," मनोहरदादा म्हणाला. "मागे घे."

गुरुनाथने मागे घेतलं. आता सगळ्यांसमोर अब्रू जाणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

"अरे, हीच ती! आम्ही केलेली गुहा!" मनोहरदादाने पाव हवेत नाचवला. "सेम टू सेम! तो पडद्यासारखा दगड बघा. काय फील आहे यार युरोपचा!"

गुरुनाथचा जीव भांड्यात पडला. पण मनोहरदादा आता रंगात आला होता. "आणि बाहेर ती म्हातारी, ट्रकमधून उकडलेल्या शेंगा विकते, त्या खाल्ल्यात की नाही?"

शुभाचा रश्शाचा डाव हवेतच राहिला. गुरुनाथने मनोहरदादाकडे पाहिलं. मनोहरदादाचं चावणं थांबलं होतं.

"अय्या, युरोपात उकडलेल्या शेंगा मिळतात?" आश्लेषाकाकूंनी विचारलं.

"मिळतात," दोघं एकदम म्हणाले.

पुढचे फोटो गुरुनाथने भराभर संपवले. इतका सुटल्यासारखा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता, आणि त्याला मनोहरदादाची मायाही वाटत होती. लोक दुसऱ्या वाढपाला उठले तसा मनोहरदादा रिकामी प्लेट घेऊन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. फरसाणाचा डबा उघडल्यासारखं करत हळूच म्हणाला,

"तुझा लॉयर कोण रे?"