पुलावरून न जाणारी बस

नगरपालिकेत नकाशे काढण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. साहेब एरवी तिच्या टेबलाकडे फिरकत नसत. त्या दिवशी मात्र स्वतः कागद घेऊन आले, वर गोड हसलेही. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"नव्या वसाहतीची बस पुलावरून नको, बाहेरच्या रस्त्याने दाखवा," ते म्हणाले. "गिरणीमागच्या गल्लीतली तीनशे कुटुंबं महिनाअखेर तिकडे हलतायत."

"एवढी घाई?"

"लोकांना पक्की घरं मिळतायत. तुमच्या का पोटात दुखतंय?"

त्यांची पाठ वळताच तिने प्रभागांचा नकाशा काढला. वसाहत पलीकडच्या प्रभागात होती. तिथे विरोधकच निवडून येत. तीनशे घरं वाढून तिथे काही बदलणार नव्हतं. इकडचे नगरसेवक मात्र मागच्या खेपेला जेमतेम नव्वद मतांनी तरले होते, आणि ही गल्ली झाडून त्यांच्या विरोधात होती. मतदार याद्या पुढच्याच महिन्यात व्हायच्या होत्या. पुलावरून बस असती तर लोकांचं गल्लीत जाणं-येणं तरी राहिलं असतं, काहींनी इथल्या यादीतली नावंही सोडली नसती.

त्या गल्लीत तिची आई राहत होती. कचेरी सुटल्यावर ती तडक तिकडे गेली. आई भांडी पोत्यात भरत होती.

"आई, दोन महिने नव्या घराच्या कागदावर सही करू नकोस," म्हणत तिने सगळं सांगितलं.

"मला वाटलंच," आई म्हणाली. "पाच वर्षं तोंड न दाखवलेला माणूस घरोघरी अर्ज भरून द्यायला लागला, तेव्हाच."

"मग थांब ना!"

"माझे गुडघे थांबतील का? तिकडे संडास घरात आहे. इथे रांगेत उभी राहते मी." मग तिने मान वर केली. "बसचा रस्ता कोण काढतंय?"

ती पोत्याचं तोंड बांधू लागली.

"तूच ना?"

दुसऱ्या दिवशी तिने बस पुलावरून दाखवली. साहेबांनी कागद परत घेतला आणि शेजारच्या टेबलावर दिला. आई हलली. निवडणुकीत नगरसेवक अकराशे मतांनी आले.

दोन बस बदलून ती वसाहतीत पोचली तेव्हा आईच्या घरी पाच-सहा बायका जमल्या होत्या. पुलावरून बस हवी म्हणून अर्जावर सह्या चालल्या होत्या. ती बघायला वाकली, तसा आईने कागदावर हात ठेवला.

"नावं वाचू नकोस गं. कचेरीतल्या माणसांना दाखवायची नाहीत, असं ठरलंय आमचं."