दहा लाखांत वीस भाग

रुग्णाचे नाव: सोमनाथ. वय चौतीस. वणीजवळच्या शीतगृहात कामाला.

माहिती देणार: पत्नी, उज्वला.

काय झाले: सोमवारी शीतगृहातली अमोनियाची नळी फुटली. आत अडकलेल्या दोघांना सोमनाथने बाहेर ओढलं. ते दोघे घरी गेले. सोमनाथ आज चौथा दिवस नाशिकमध्ये, व्हेंटिलेटरवर.

रक्तातला ऑक्सिजन: चौऱ्याऐंशी टक्के. यंत्र पूर्ण जोरात असूनही.

पुढचा उपचार: नायट्रिक ऑक्साइड वायू, श्वासातून.

संमतिपत्र भरताना इथे सासूने, बयाबाईंनी, उज्वलाचा हात धरला.

"गॅसनंच लेक आडवा केला माझा. आता वरून दुसरा गॅस?"

डॉ. आभा म्हणाल्या, "आजी, हा आपल्या अंगातच तयार होतो. तुमच्या नाकात आत्ताही होतोय."

"मग माझाच घ्या की काढून. म्हातारीला काय करायचाय?"

"तेवढा पुरायचा नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात अजून हवा जाते, तिथल्या रक्तवाहिन्या हा सैल करतो. रक्त तिकडे वळतं, ऑक्सिजन उचलतं."

धोका: मात्रा वाढल्यास याच वायूने फुप्फुसाला इजा.

"बघ, त्यांनीच लिवलंय."

उज्वला सात हंगाम द्राक्षं पॅक करतेय. "आई, पेटीत आपण गंधकाचं पॅड टाकतो. त्यातून गॅसच सुटतो ना? थोडा सुटला तर माल सडत नाय. जास्त झाला की मणी पांढरे."

"मणी आन् माणूस एक हाय का?"

"नाय." उज्वला डॉक्टरांकडे वळली. "किती सोडणार?"

"हवेच्या दहा लाख भागांत वीस. यंत्र सतत मोजतं."

"वाचतील?"

"ऑक्सिजन बहुतेक वाढेल. जीव वाचतोच, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. फुप्फुस भरून यायला वेळ मिळावा, एवढ्यासाठी देतोय."

मला सर्व समजले आहे: होय / नाही

उज्वलाने दोन्ही खोडलं. बाजूला लिहिलं: किती देणार ते समजलं. पुढचं डॉक्टरांनाही माहीत नाही. द्या. खाली सही.

साक्षीदार:

बयाबाईंनी शाई लावलेला अंगठा वरच धरला. "आदी ते मोजायचं यंत्र दाखवा."

डॉ. आभांनी त्यांना काचेपाशी नेलं. "आत्ता शून्य. प्रमाण वाढलं की ओरडतं."

"ओरडतंय का, बघू."

डॉक्टरांनी आत जाऊन एक बटण दाबलं. यंत्र ओरडलं. बयाबाई परत आल्या आणि अंगठा टेकवला.

दुपारी तीन चाळीस: वायू सुरू.

चार वाजता ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी झाल्याचं उज्वलाने सांगितलं. बयाबाई वळल्या नाहीत. काचेला कपाळ लावून त्या वीसच्या आकड्याकडे बघत होत्या.