रोज एक रुपया

"गाडी निघाली व माय, निघाली!" अनुसयाबाईने मंजूच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "तू निस्ता लंबा श्वास घे. पोहोचतेच आता."

गाडी निघाली नव्हती. पाचच मिनिटांपूर्वी फोनवर पलीकडच्या पोराने सांगितले होते की, दवाखान्याची गाडी कोहमाऱ्याकडे अपघाताला गेली आहे, दोन तास तरी मोकळी होत नाही. अनुसयाबाईने बरं म्हणून फोन कमरेला खोचला आणि वळताना चेहरा असा फुलवला, की गाडीचा भोंगा वेशीवर वाजलाच असे कोणालाही वाटावे. सव्वीस वर्षांत एवढी एकच लबाडी तिला सफाईने जमली होती. गाडी निघाली म्हटले की बाईचा अर्धा जीव भांड्यात पडतो, आणि उरलेला अर्धा अनुसयाबाई सांभाळून घेते, असा पळसटोल्याच्या उपकेंद्राचा कारभार होता.

पावणेदहाला मंजू सुटली. मुलगा झाला. सिस्टर तालुक्याला मीटिंगला गेल्या होत्या. कागदोपत्री अनुसयाबाई तिथली अर्धवेळ परिचर. झाडू मारायचा, पाणी भरायचे, सिस्टरांची बॅग उचलायची, एवढेच तिचे काम. मानधन महिन्याचे, पण ते यायचे पाहुण्यासारखे, आले तर आले. नाळ कापायचे काम कुठल्याच कागदावर नव्हते. पण पोट काही कागद वाचून दुखायला लागत नाही.

मंजूची सासू दुर्पता वाटीभर साखर घेऊन धावत आली. "मावशी, तू आहेस तवर आमाले गाडी बी नोको अना डाक्टर बी नोको!"

अनुसयाबाई हसली. खरे सांगायचे तर तिला गोड वाटले. तारीफ कोणाला नको असते? साखर तोंडात विरघळेपर्यंत ती सुखात होती. मग तिला घरी निजलेली नूतन आठवली.

नूतन तिची सून. मुलगा देवानंद भिलाईला कामावर, सून सासूजवळ. नूतनचा आठवा महिना सरत आला होता आणि तिच्याजवळ सिकलसेलचे, रक्ताच्या त्या आजाराचे, लाल कार्ड होते. थंडी वाढली की तिचे हातपाय आतून कोणी पिळावेत तसे दुखत. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी अनुसयाबाईला बाजूला घेऊन बजावले होते, "हिची जचकी गावात करू नका. पहिली कळ आली की थेट इकडे आणा. रक्त लागेल. उशीर झाला तर तुमच्या हातात काही उरणार नाही."

तुमच्या हातात काही उरणार नाही. हे अनुसयाबाईला कोणी सांगायला नको होते. दोन वर्षांपूर्वी देवकाबाईची रिंकू अशीच लाल कार्ड घेऊन उपकेंद्राच्या खाटेवर चार तास पडून होती. अनुसयाबाईने तिला अकरा वेळा सांगितले, गाडी निघाली. बाराव्यांदा सांगायच्या आत गाडी खरोखरच आली, आणि कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत पोचायच्या आत रिंकू गेली. पोटातले पोरही गेले. देवकाबाई आजही भेटली की म्हणते, "तुह्या हातात होती म्हणून भ्याली नाई माही पोरगी." अनुसयाबाई मान खाली घालून पुढे जाते.

म्हणून उद्याच्या ग्रामसभेवर तिचा जीव टांगला होता. दर घराने घरपट्टीसोबत आरोग्य कर द्यायचा, रोजचा एक रुपया. गाव जेवढे उभे करील तेवढीच भर वरून पडणार, आणि गाडी गावातच उभी राहणार, ड्रायव्हरसकट. फेब्रुवारी संपायच्या आत गाडी येईल, असे ग्रामसेवक म्हणाले होते. नूतनला मार्चचा पहिला आठवडा दिला होता. अनुसयाबाईने बोटांवर चार वेळा मोजले. बसत होते.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला, पोरांना बुंदी वाटली आणि शाळेच्या ओसरीत सभा भरली. शंकरपटाच्या, म्हणजे बैलशर्यतीच्या, जत्रेत झालेल्या नाटकाचा मंडप अजून तसाच उभा होता. त्या नाटकासाठी घरामागे पाचशे रुपये वर्गणी चार दिवसांत जमली होती, कोणी हूं की चूं केले नव्हते. सरपंच श्यामलालने प्रास्ताविक केले, ग्रामसेवकांनी कराचा कागद वाचला, आणि नंदलाल उठला. नंदलाल उठला की सभेला रंग चढतो, असा गावाचा अनुभव होता.

"साहेब, सडकेची पट्टी देल्ली, सडक कुठी हाये? नळाची पट्टी देऊन राहिलो, नळाले हवा येते. म्या माचिस घेतली तं सरकारले टॅक्स जाते, बनियान घेतली तं जाते. मंग त्या पैशाची गाडी काऊन नाई येत? आता अजून एक रुपया कायले?"

"नंदलालभाऊ, हा पैसा वर जाणार नाही," ग्रामसेवक समजुतीने म्हणाले. "गावातच राहील."

"गावातच रायते, म्हणून तं भेव लागते!"

सारी ओसरी हसली. श्यामलालही हसला, पण जरा उशिराने.

"नाटकाची वर्गणी दिली ना तुम्ही?" ग्रामसेवकांनी विचारले.

"देल्ली. रातभर डोऱ्यानं पाहेली बी. तुमचा टॅक्स डोऱ्याले दिसते का?"

नंदलालचे चुकत होते असेही नाही, हाच तर घोळ होता. अनुसयाबाईला मनातून त्याचे पटत होते. उपकेंद्राच्या छताचे पैसे तीनदा आले आणि छत आजही गळते, हे बादल्या लावणाऱ्या तिच्याइतके कोणाला ठाऊक? पण नंदलालला मार्चमध्ये कोणाला गोंदियाला न्यायचे नव्हते.

मग बायकांतून दुर्पता उठली. कालच नातू झालेला, आवाजात तोरा होता. "मी म्हणते, गाडी पायजेच कायले? काल माह्या मंजूची गाडी आली का? नाई आली. अडलं का काई? अनुसयामावशी हाये ना आपली! या गावातली अर्धी पोरं तिच्या हातची हायेत. मांगच्या रांगेतले हे मिश्यावाले बी!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले मिश्यावाले लाजले. आणि अनुसयाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. सव्वीस वर्षे तिने केले ते सगळे आज तिच्या सुनेच्या वाटेत आडवे येऊन बसले होते. ती नसती, तर हे गाव कधीच चवताळून उठले असते. ती होती, म्हणून गाव निवांत झोपत होते.

आयुष्यात पहिल्यांदा ती सभेत उभी राहिली.

"मले... मले बोलाचं हाये." ओसरीतल्या माना वळल्या. "बाप्पाहो, मी एकटी पुरत नाई. माह्याच्यानं होत नाई. मंजूचं नशीब बरं म्हणून झालं. सगळ्याइचं तसं नाई होत. गाडी... तुमाले वाटते गाडी येते, पन गाडी..."

आणि ती थांबली. पहिल्याच रांगेत, अगदी समोर, देवकाबाई बसली होती. हात मांडीवर जुळवून, मान वर करून, देवळात बसावे तशी ती अनुसयाबाईकडे पाहत होती. पुढचे वाक्य ओठांवर होते. गाडी निघत नाही, मी खोटे सांगते. रिंकूलाही खोटेच सांगितले, अकरा वेळा. हे एकदा बोलले असते तर सभा हादरली असती, नंदलालचेही तोंड बंद झाले असते. पण मग देवकाबाईच्या पोरीचे शेवटचे चार तास आईच्या मनात जसे शांत होते, तसे राहिले नसते. आणि उद्या खाटेवरच्या दुसऱ्या कोणत्या पोरीने अनुसयाबाईचे ऐकले असते?

"बोल व बाई," देवकाबाई हळूच म्हणाली.

"पन गाडी लवकर येत नाई," एवढेच अनुसयाबाईच्या तोंडून निघाले. "मी एकटी पुरत नाई." आणि ती खाली बसली.

"पाहा, किती मोठं मन!" श्यामलाल माइक सावरत म्हणाला. "एवढं करून बी म्हणते, मी पुरत नाई!"

पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा मोठ्या.

हात वर करायला सांगितले तेव्हा सतरा हात वर झाले. आजूबाजूला पाहून त्यातले चार खाली आले. देवकाबाईचा हात वर होता, अनुसयाबाईचा होता. दुर्पताचा नव्हता. ज्यांना पहिला श्वास घ्यायला तिने पाठीत थापट्या घातल्या होत्या, त्या मिश्यावाल्यांपैकी एकाचाही नव्हता. त्यांना तिच्याविषयी राग नव्हता. उलट प्रेमच होते, आणि प्रेमापोटीच ते निर्धास्त होते. कराचा ठराव असा पडल्यावर सरकारने गावाला गाडी फुकट द्यावी, असा ठराव एकमताने झाला. असा ठराव होण्याचे हे सातवे वर्ष.

सभा उठायच्या आत श्यामलालने घोषणा केली. "प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं आपल्या अनुसयाबाईचा गावातर्फे सत्कार!" कोणीतरी पळत जाऊन शाल आणि नारळ आणला. शाल चमकदार होती, पिवळी, जरीच्या काठाची. दुर्पताने ती तिच्या खांद्यावर टाकली आणि कडकडून मिठी मारली. मोबाइल वर झाले. अनुसयाबाईने हात जोडले. फोटोत ती हसलीच असणार, कारण हसण्याची तिला सवय होती.

घरी आली तेव्हा ऊन उतरणीला लागले होते आणि वारा गार सुटला होता. नूतन गोधडीत पाय पोटाशी घेऊन पडली होती. ओठ पांढरे, कपाळावर आठी.

"काऊन व, लय दुखून राहिले का?"

"पिंढऱ्या," नूतन दातांतून म्हणाली. "सकारपासून."

अनुसयाबाईने चुलीत काटक्या सारल्या, तवा ठेवला. शेकायला जुने लुगडे शोधत होती तर ते दोरीवर ओले. मग खांद्यावरची शालच काढली, चौघडी केली आणि तव्यावर टेकवली. क्षणात उग्र वास सुटला. शाल आकसली, काठ गोळा होऊन तव्याला चिकटला आणि मधोमध हाताएवढे भोक पडले. नायलॉनची होती. अनुसयाबाईने ती चिमट्याने ओढून अंगणात टाकली आणि नेसूचाच पदर तव्यावर दाबला. तो सुती होता. गरम पदर ती सुनेच्या पोटऱ्यांवर ठेवू लागली, थंड झाला की पुन्हा तव्यावर, पुन्हा पोटऱ्यांवर.

दुखणे जरासे सैल झाले तसे नूतनने डोळे उघडले. "आत्याबाई, सभेत काय झालं? गाडीचं झालं का?"

अनुसयाबाईचा हात पोटरीवर थांबला. या सुनेपाशी तिने कधी काही लपवले नव्हते. लग्न होऊन आली त्या वर्षी, चुलीपाशी बसून, स्वतःच्या त्या लबाडीची गंमत तिनेच हिला हसत हसत सांगितली होती. दोघी तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. रिंकू तेव्हा जिवंत होती.

आता खरे सांगावे म्हणून तिने तोंड उघडले. पण समोर पांढरे ओठ होते, गोधडीखाली वर आलेले पोट होते, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने तिचा चेहरा आपोआप फुलला.

"निघाली व माय," ती म्हणाली. "गाडी निघाली."

नूतन तिच्याकडे पाहत राहिली. मग गोधडीतून हात बाहेर काढून तिने सासूचा हात हलकेच दाबला.

"मंग पोहोचतेच आता," ती म्हणाली.