नऊ ठिकाणचा निळा

"गाशे, या गाडीला तुम्ही किती प्रकारचे निळे लावलेत?"

तिलाये बीटलच्या टपावरून फडका फिरवत होता. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं गाशे म्हणत पोरगी थट्टा करतेय असं वाटून तो हसला. "एकच. अडुसष्ट साली कारखान्यातून आला तोच. उन्हानं जरा विटलाय, एवढंच."

"मग हे काय आहे?" फेवेन सुतकाची काळी शाल सावरत मडगार्डाशी उकिडवी बसली. "हा तुकडा जांभळट आहे. दाराखालचा हिरवा. मागचा तर शाळेच्या गणवेशासारखा." ती मोजत गाडीभोवती फिरून आली. "नऊ आहेत."

तिलायेने चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि वाकून पाहिलं. त्याला मडगार्ड निळा दिसला. दार निळं दिसलं. मागची बाजूही तशीच निळी. नऊ ही संख्या मात्र त्याला पाठ होती. गेली नऊ वर्षं दर सप्टेंबरात, इथल्या नववर्षाच्या तोंडावर, पाऊस सरून अदिसमधल्या गुलेलेच्या चढावर पिवळी फुलं आली की अयालेव मास्तर गाडी घेऊन यायचे आणि तो कुठलातरी एक ओरखडा बुजवून द्यायचा. यंदा मास्तर पावसातच गेले. त्यांच्या जागी ही लेक आली होती, बाराव्या वर्षी कॅनडाला गेलेली आणि बापाच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी परतलेली.

टचिंगचं काम कुणीही करतो, पण त्यात एक मेख आहे. डबा फोडून नवाकोरा रंग लावला तर ठिगळ दिसतं. गाडीने पन्नास पावसाळे सोसलेले असतात, तेवढे त्या नखाएवढ्या रंगालाही सोसायला लावावे लागतात. थोडी पिवळी माती, थेंबभर काळा, दुधाच्या डब्यात ढवळायचं, डिकीच्या झाकणाला आतून बोट लावून बघायचं. तिलाये हे निव्वळ डोळ्याने करायचा. एके काळी अर्ध्या अदिसच्या बीटल त्याच्या पत्र्याच्या फाटकापाशी रांग लावून उभ्या असत. त्याने हात लावलेली जागा मालकालाही दाखवता यायची नाही, आणि हीच त्याची जाहिरात होती.

मग गिऱ्हाईक आटत गेलं. लोकांनी जपानी गाड्या घेतल्या, काळ बदलला, असं त्याने मनाला समजावलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने सांगितलं होतं की डोळ्यामागची शीर कित्येक वर्षांपासून सुकतेय, औषध नाही, आहे ते सांभाळा. त्याला वाटलं, वाचनाचं म्हणतोय. तो कुठे एवढा वाचत होता!

"झेवदितू," त्याने शेजारच्या कुंपणावरून हाक मारली, "जरा इकडे ये. या गाडीचा रंग बघून सांग."

झेवदितू कांद्याची पाटी घेऊनच आली. तिने गाडीकडे पाहिलं, फेवेनकडे पाहिलं आणि मग पाटीतल्या कांद्यांकडे. "मला बाई काय कळतंय रंगातलं? कांदा लाल की पांढरा एवढं विचारा."

"झेवदितू."

"छान आहे की. नेहमीसारखाच आहे."

"म्हणजे कसा?"

तिने पाटीतला एक कांदा उचलून सोलायला घेतला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्या अदिसमध्ये ती घरोघरची सख्खी बहीण आहे. जेवून आलोय म्हणणारा उपाशी असतो, आणि सुंदर झालंय म्हणणारा पुढच्या खेपेला दुसऱ्या दारी जातो. कुणाचं मन दुखवण्यापेक्षा आपली गाडी विद्रूप झालेली बरी, असं मानणारी माणसं आम्ही. तिलायेने स्वतः जन्मभर हेच केलं होतं, म्हणून झेवदितूच्या त्या कांदा सोलण्याचा अर्थ त्याला लगेच कळला: सुकत्या शिरेबरोबर त्याच्या डोळ्यांतले रंगही गेले होते.

"मास्तरांना ठाऊक होतं?" त्याने फेवेनला विचारलं.

"बाबांच्या शाळेत पोरं ठिगळगाडी म्हणायची. आई फोनवर रडायची, म्हणायची यांना सांग, दुसऱ्याकडे न्या म्हणून." फेवेन सरळ त्याच्या तोंडाकडे बघत बोलत होती, जशी तिकडची माणसं बोलतात. "बाबा म्हणायचे, तिलायेचा हात आहे तो, राहू दे."

दर वर्षी रंग वाळेपर्यंत मास्तर या ओट्यावर बसायचे, कॉफीचे तीन फेरे व्हायचे, आणि जाताना गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणायचे, "कुठे लागलं होतं, तेच सापडत नाही बघ." तिलायेला त्या वाक्यावर वर्षभर पुरेल एवढं बळ यायचं. बायको गेल्यापासून आणि मुलगा पोटापाण्यासाठी दक्षिणेकडे जाऊन नाहीसा झाल्यापासून त्याला बळ देणारं दुसरं काही उरलं नव्हतं. तो फडका हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला लाज वाटली, आणि मास्तरांचा रागही आला.

"गाशे, मी भांडायला नाही आले," फेवेन म्हणाली. "परवा चाळिसावा आहे. सगळं गणगोत येणार, गाडी मांडवापाशी उभी राहणार. त्या दिवशी तरी तिला कुणी हसू नये. खाली एक दुकान आहे, यंत्रावर रंग जुळवून देतात. आईनंच बाबांची शपथ घातली म्हणून आधी इथे आले."

ती गाडी त्या फाटकातून बाहेर गेली की आपण रंगारी उरणार नाही, हे तिलायेला कळत होतं. "मला आजचा दिवस दे," तो म्हणाला. "नऊच्या नऊ मीच उतरवतो आणि मीच लावतो. हात अजून माझे आहेत. डोळे तुझे दे. पण एक कबूल कर. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही."

"मला तसं बोलताच येत नाही," फेवेन म्हणाली. "आई त्यावरूनच ओरडते."

तिलायेने पाण्यात पॉलिश पेपर भिजवला आणि आपलंच काम घासून काढायला बसला. मडगार्डावरचं ठिगळ बायको गेली त्या वर्षीचं होतं. दाराखालचं, मुलाचा शेवटचा फोन आला तेव्हाचं. निळं पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत राहिलं. मग त्याने डबे मांडले.

"हा?"

"नाही. हिरवा आहे."

"आता?"

"आता राखेसारखा झाला."

"आणि हा?"

"याला तर कुठलाच रंग म्हणता येणार नाही, गाशे."

तो मोठ्याने हसला. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्याशी असं आडपडदा न ठेवता बोलत होतं. प्रत्येक 'नाही' त्याला झोंबत होतं आणि हवंहवंसंही वाटत होतं. अकराव्या डब्याला फेवेन थांबली, डिकीच्या झाकणाशी नाक नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "जवळ आलात. अजून थोडा काळा." शिकाऊ असताना उस्तादाने पहिल्यांदा मान हलवली होती, तो दिवस त्याला आठवला.

दुपारी झेवदितूने शिरोचं पिठलं आणि इंजेराची धिरडी आणली. फेवेनने घास गुंडाळून त्याच्या तोंडाशी धरला. असा मायेचा घास आमच्याकडे नाकारता येत नाही. मग कॉफीचे दाणे भाजण्यासाठी झेवदितूने तिला आपल्या अंगणात नेलं. तिलाये तोवर शेवटचा कोपरा घासत होता. कुंपणापलीकडून वास येत होता आणि झेवदितूचा दबका आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण मधेच मुलाचं नाव आलं, मधेच बायकोचं. ती बराच वेळ बोलत होती. फेवेनकडून फक्त तव्यावर हलणाऱ्या दाण्यांचा आवाज येत होता.

कॉफी झाल्यावर तिलायेने डबा पुढे केला. "काळा घातलाय. बघ."

"बरोबर आहे," फेवेन म्हणाली.

"नीट बघ की. वाकलीही नाहीस."

ती वाकली. "बरोबर आहे, गाशे. लावा."

त्याने लावला. नऊ ठिकाणी, पातळ हाताने, कडा विरवत. उन्हात रंग भराभर वाळला. मग रबिंग, मग मेण, मग जुन्या बनियनचा फडका. चार वाजत आले तेव्हा बीटल अशी चमकत होती की झाडांची पानं तिच्या पाठीवर मोजून घ्यावीत.

"सांग आता," तो म्हणाला. "सकाळी बोललीस तसं सांग."

फेवेनने गाडीभोवती एक चक्कर मारली, सावकाश, कुठेच न थांबता. ती परत त्याच्यासमोर आली आणि या वेळी तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने त्याचा रंगाने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कुठे लागलं होतं," ती म्हणाली, "तेच सापडत नाही, गाशे."

तिलायेने तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे. शब्द बापाचे होते आणि आवाजही अगदी बापाचाच. खरं सांग, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. रंग खरोखर जुळला असेलही. अकराव्या डब्याला ती जवळ आलात म्हणाली होती, ते तर खोटं नव्हतं. पण झेवदितूच्या अंगणातून परत आलेल्या या पोरीला आता काहीही विचारलं, तरी उत्तर एकच येणार होतं. आणि तिला खोटी ठरवण्याची भीड त्यालाही होतीच.

"छान झालं," तो म्हणाला. "मास्तरांना आवडलं असतं."

कुंपणापलीकडे झेवदितू कांदे चिरत होती. तिने मान वर केली नाही.

फेवेन इथल्या रीतीप्रमाणे वाकून त्याच्या खांद्याला खांदा लावून तीनदा भेटली आणि गाडीत बसली. तिलायेने फाटक उघडून धरलं. बीटल फटफटत बाहेर पडली आणि उताराला लागली. तो रस्त्याच्या मधोमध येऊन, कपाळावर हात धरून बघत राहिला. उतरत्या उन्हात गाडी वळणापर्यंत दिसत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी निळी, गेली नऊ वर्षं त्याला दिसत आली होती तशीच.