विसाव्या जागेवरची जोडी

"ही चाचणी चारच्या आत बंद करायची," वहिनीने सगळ्यांसमोर सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी ती माझ्या भावाची बायको, ऑफिसात माझी वरिष्ठ. दोन्हीकडे तिचंच चालतं. पण ती चाचणी माझी होती, नोकरीतली पहिली, आणि ती खोटं बोलत नाही याची मला खात्री होती.

आम्ही डीबगर बनवतो. प्रोग्राम कुठे चुकतोय हे शोधणाऱ्यांचं ते हत्यार. प्रोग्रामात एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. त्याला मध्येच थांबवून 'तुला कोणी बोलावलं? आणि त्याला कोणी?' असं विचारत गेलं की नावांची एक यादी मिळते. तिला कॉल स्टॅक म्हणतात. ही यादी एकदम मागा नाहीतर थोडी थोडी मागा, नावं तीच यायला हवीत; माझी चाचणी एवढंच बघायची. बोलावण्यांची साखळी किती लांब करायची हे ती दर वेळी स्वतःच ठरवायची, पाच कड्यांपासून साठपर्यंत. आणि साधारण विसात एकदा नापास व्हायची. यादीतलं एक नाव गायब!

"विसात एकदा म्हणजे मशीनची लहर," वहिनी म्हणाली. "चारला नवी आवृत्ती बाहेर जायची आहे. उगाच खुसपटं काढत बसू नकोस."

"लहरी माणसं असतात, मशीन नाही."

"अगं बाई, यादी काढायचं ते कोड मी लिहिलंय. दोन वर्षं चाललंय."

म्हणजे विषय संपला! बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसले. मीही खुर्ची ओढली आणि पदर नसताना पदर खोचला. पावणेदोन वाजले होते.

चाचणी नापास झाली की साखळीची लांबी छापायची, एवढी एक ओळ मी वाढवली. हे आधीच का सुचलं नाही म्हणून स्वतःला चार शिव्या घातल्या आणि चाचणी हजार वेळा चालवली. स्क्रीनवर आकडे उमटू लागले. एकोणचाळीस. एकोणीस. एकोणीस. एकोणसाठ. पुन्हा एकोणचाळीस. मी श्वास रोखून बघत होते. चौथा आकडा येईचना! फक्त हे तीन, आणि तिन्ही विसाच्या पाढ्याच्या एक पाऊल अलीकडे.

आमचा डीबगर यादी वीस-वीस नावांच्या पानांनी देतो. माझ्या साखळीच्या मागे दोन ठरलेली नावं असतात. साखळी एकोणीस कड्यांची झाली की पहिलं नाव विसाव्या जागेवर येतं आणि दुसरं पुढच्या पानावर. हे दुसरंच गळत होतं. का? मी उठून खोलीत दोन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेला जागच्या जागी उडी मारली. ती दोन कामं जोडलेली होती! वेळ वाचावा म्हणून कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, छोटं काम मोठ्याच्या पोटात घालतो, म्हणजे नावं दोन पण पत्ता एकच. नवं पान सुरू करताना डीबगर म्हणायचा, 'या पत्त्याचं झालं, आता पुढचा.' झालं, दुसरं नाव गिळलं!

"वहिनी!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्याच्या हातातली कॉफी सांडली.

ती कपाळाला आठ्या घालून आली.

"साखळीची लांबी हाताने अडतीस घाल," मी म्हटलं. तिने घातले. पास.

"एकोणचाळीस."

नापास.

चाळीस तिने आपणहून घातले. पास. मग एकोणसाठ घातले आणि उत्तर येण्याआधीच डोळे मिटले. नापास.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण तिचा चेहरा बघून मी ओठ घट्ट मिटले. ती उठली, तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि दारातूनच म्हणाली, "आज आवृत्ती जाणार नाही. चूक माझी आहे. हिने शोधली." मला रडूच यायला लागलं.

परत येऊन ती माझ्याच खुर्चीत बसली. तासाभरात दुरुस्ती झाली. आम्ही पाचपासून साठपर्यंत एकेक लांबी ओळीने चालवली. सगळ्या पास! मी टाळी द्यायला हात पुढे केला, तर तिने फोन उचलला होता.

"गेल्या वर्षी एका गृहस्थांनी कळवलं होतं," नंबर शोधता शोधता ती म्हणाली. "म्हणे तुमच्या यादीत एक नाव कधीकधी दिसत नाही. नऊ दिवस त्यांनी चूक भलतीकडेच शोधली. त्यांना मी कळवलं, तुमचंच काहीतरी चुकतंय."

फोन लागला. वहिनीने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. नाव आमच्याकडेच गळत होतं."

पलीकडून एवढ्या मोठ्याने आवाज आला की वहिनीने फोन कानापासून लांब धरला, आणि तो मलाही स्वच्छ ऐकू आला.

"अहो, मी वेडा नव्हतो! " आणि मग तिथल्याच कुणाला तरी हाक मारत, "ऐकलंस का गं, मी वेडा नव्हतो!"