लवूचा घोटा आणि पायाळू महाराज

"लाथ बसली! लाथ बसली!" असा पुकारा झाला आणि वायुराज पंखा कंपनीच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टाभोवती जमलेली चारशे माणसं उठून उभी राहिली. बायकांनी हात जोडले. कँटीनचा दशरथ हातातल्या ट्रेसकट नमस्कार करायला गेला आणि सहा कप चहा वेल्फेअर ऑफिसर चंद्रप्रकाश साहेबांच्या पांढऱ्या पँटवर सांडला. साहेब ओरडले नाहीत, कारण त्यांचंही लक्ष लाथेकडेच होतं.

लाथ मारणारे होते पायाळू गुणाजी महाराज. लाथ खाणारा होता आमच्या बास्केटबॉल टीमचा धोंडिराम. हाफटाइमच्या आधी त्याचा पाय मुरगळला होता आणि दोघांनी धरून त्याला बाकावर आणलं होतं. आता तो उभा राहिला, दोन उड्या मारल्या आणि धावत कोर्टात गेला. घाटकोपरच्या त्या कोर्टावर इतक्या टाळ्या मी बास्केट पडल्यावरसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर काढून जन्मलेला माणूस. अशा माणसाची लाथ लागली की उसण, लचक, चमक सगळं पळतं, असं म्हणतात. कोण म्हणतं, हे मी पंचेचाळीस वर्षं विचारतोय. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मी अंबादास. कंपनीच्या टाइम ऑफिसात क्लार्क, आणि मॅच असली की टेबलावर स्टॉपवॉच घेऊन बसणारा टाइमकीपर. मिनिट म्हणजे मिनिट, ही माझी धंद्याची सवय. शिवाय घरात लहानपणापासून धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पाठ, त्यामुळे महाराज म्हटलं की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालतं.

हे शहाऐंशी सालातलं. त्या वेळी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. कागदावर फिटर, प्रत्यक्षात दिवसभर बास्केटबॉल. आमच्या टीममधले खेळाडू त्या मोसमात पटापट जायबंदी व्हायला लागले, तेव्हा साहेबांनी दोन उपाय केले. पहिला म्हणजे विमा हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्ट नलिनीताईंना आठवड्यातून तीन दुपारी बोलावलं. दुसरा म्हणजे महाराज. ताईंना सायकल स्टँडजवळ एक घडीचं टेबल मिळालं. महाराजांना कोर्टाच्या कडेला गादीची खुर्ची आणि वर आमच्याच कंपनीचा पंखा.

"या आपल्या नलिनीबाई, मुलांना चोळायला येतात," साहेबांनी ओळख करून दिली.

"मी चोळत नाही," ताई म्हणाल्या, "मी शिकवते. खेळायच्या आधी अंग गरम कसं करायचं, उडी मारून खाली येताना गुडघा कसा ठेवायचा, लागलं तर किती दिवस बसायचं."

"बसायचं?" साहेब दचकले. "अहो, महाराज उठवतात आणि तुम्ही बसवता?"

यावर सगळे हसले. मुलांनाही उठवणारा माणूसच आवडला, यात त्यांचा काय दोष?

महाराजांचा कार्यक्रम ठरलेला असे. दुखरा पाय समोर आला की ते डोळे मिटत, डाव्या हातातला चोचीचा पितळी कमंडलू घोट्यावर धरत आणि सूर लावत, "खाली धरती! वर आकाश! मध्ये घोटा! घोट्यात कोण? कळ! कळ कुणाची? पायाची! पायाचा राजा कोण?"

"पायाळू!" पब्लिक ओरडे.

"मग निघ!" आणि उजवी लाथ. कमंडलूतून तीर्थाची बारीक पिचकारी उडायची, पण तिच्याकडे कोण बघतो? सगळे डोळे लाथेवर. ज्याला ज्याला लाथ बसली तो तो सांगे, "थंडगार लाट गेली यार पायातून!" तीर्थ दोन सेकंदांत वाळून जायचं. महाराज म्हणत, "अंगात मुरलं."

मला एकच गोष्ट खटकायची. इतका मोठा महाराज, पण जवळ उदबत्ती चालत नसे. एकदा शिपायानं भक्तीनं कापूर पेटवला, तर महाराज खुर्चीवरून असे उडाले की त्यांनाच उसण भरली असेल. "अग्नी नको! माझं जलतत्त्व आहे!" बिडीवाल्यांनाही त्यांनी पंधरा फूट लांब बसवलं होतं.

सेमीफायनलला लवूचा पाय गेला. लवू म्हणजे सहा फूट दोन इंच उंच, मालवणकडचा, असल्फ्याला आत्याच्या खोलीत वाकून राहणारा पोरगा. दोन वर्षं टेंपररी होता. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "फायनल खेळलास की दुसऱ्या दिवशी पर्मनंटचं पत्र." रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला बॉल, घेऊन खाली येताना त्याचा घोटा आत वळला. महाराजांनी लाथ घातली, लवू खेळला, आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा पायात चप्पल जात नव्हती.

नलिनीताईंनी घोटा हातात घेतला, नुसतं बोट लावलं आणि लवूनं दात आवळले.

"ही सूज कालच्या मुरगळण्याची निम्मीच आहे," त्या म्हणाल्या. "निम्मी नंतरच्या अर्ध्या तासाची. तीन आठवडे बस. बर्फ, पट्टी, पाय उशीवर. यावर पुन्हा उडी मारलीस तर हाडं बांधून ठेवणारे आतले पट्टे तुटतील. मग बास्केटबॉल सोड, जिनासुद्धा नीट चढणार नाहीस."

"ताई, फायनल आठ दिवसांवर आहे. नाही खेळलो तर वाट लागली माझी. आत्या मला गावाला धाडेल," लवू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "महाराज हायत ना. ते करतील बरा."

लवू लंगडत गेला. ताईंनी मला रजिस्टर दाखवलं. कोण कधी पडलं, कुठे लागलं, किती दिवसांनी खेळलं, सगळं होतं त्यात. मी माणसांच्या हजेऱ्या लिहितो, पण दुखण्यांची हजेरी प्रथमच बघत होतो. धोंडिरामचा उजवा पाय महिन्यात तीन वेळा गेलेला. प्रत्येक वेळी महाराजांनी "बरा" केलेला.

"अंबादासराव, एकच पाय तीनदा बरा होतो म्हणजे तो एकदाही बरा झालेला नाही," ताई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुम्हाला महाराजांजवळ कसला वास येतो?"

"गोडसर. आमच्या गळूवाल्या डॉक्टरकडे येतो तसा."

"आणि उदबत्ती का चालत नाही हो त्यांना?"

मी डोकं खाजवलं. ताईंनी मला तिथे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "शनिवारी येताना घड्याळ विसरू नका."

शनिवारी, फायनलच्या आदल्या दुपारी, लवूवर जाहीर लाथ ठरली होती. पुन्हा गर्दी. लवूची आत्या सुंदराबाई नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसलेली. महाराज नेमके उशिरा येणार होते, कारण त्यांची मुलुंडला एक कंबर होती. लवू बाकावर घोटा पुढे करून बसला होता.

नलिनीताई स्टीलचा झाकणाचा तांब्या घेऊन कोर्टात आल्या आणि म्हणाल्या, "महाराज येईपर्यंत मी बघते."

"बाई, तुम्ही?" साहेब म्हणाले. "तुम्ही पायाळू आहात?"

"बघा तर खरं."

त्यांनी डोळे मिटले, तांब्या घोट्यावर धरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" पब्लिक गंभीर झालं. मागच्या एका बाईनं हातसुद्धा जोडले. शाळेत ज्याला घाबरलो तो पाढा इतका पवित्र वाटेल, असं कुणाला वाटलं होतं? "एकोणतीस चोक सोळोदर्शे!" ताई गरजल्या आणि चपलेसकट पायाचा अंगठा लवूच्या घोट्याला टेकवला.

लवूचं तोंड उघडं राहिलं. "आयला! थंडगार! कळ गेली!" तो उठायला लागला.

"बस खाली!" ताईंनी त्याचा खांदा दाबला. "अंबादासराव, घड्याळ लावा."

मी लावलं.

"महाराज लाथ घातली की लगेच पळायला पाठवतात. आपण आज पळायचं नाही. नुसतं बसायचं."

चारशे माणसं एका घोट्याकडे बघत बसली. एक मिनिट. दोन मिनिटं. दशरथनं चहा वाटायचं थांबवलं. तीन मिनिटं झाली आणि लवूनं बूड हलवलं. तीन मिनिटं चाळीस सेकंदांना तो कण्हला. साडेचार मिनिटांनी त्यानं दोन्ही हातांनी घोटा धरला.

"आली ताई, परत आली!"

"ती गेलीच नव्हती. मी फक्त तिचं तोंड दाबलं होतं." ताईंनी तांब्यातून खटका असलेली काचेची बाटली काढली. "हा बधिर करायचा फवारा आहे. गळू कापायच्या आधी डॉक्टर मारतात. झटकन उडून जातो, कातडी गार पडते, चार मिनिटं काही कळत नाही. पट्टा तुटलेला असला तरी कळत नाही. आणि यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा, अंबादासराव."

मी चष्मा लावून वाचलं, "आगीपासून दूर ठेवा."

मागून धोंडिराम ओरडला, "जलतत्त्व!" आणि बिडीवाले आधी हसले. त्यांनी पंधरा फुटांचा अपमान महिनाभर सोसला होता.

तेवढ्यात महाराज आले. गर्दीनं वाट दिली, पण नमस्कार झाले नाहीत. साहेबांनी स्वतः पुढे होऊन कमंडलू मागितला. महाराजांनी तो छातीशी धरला. धोंडिरामनं तो अलगद काढून घेतला, सहा फूट उंचीचा तेवढा उपयोग असतोच. आतून बाटली निघाली, ताईंच्या बाटलीची सख्खी बहीण.

"बाटली ते निमित्त!" महाराज गडबडले नाहीत, हे मानायला हवं. "शक्ती पायात आहे! मी जन्मजात पायाळू! ती कुणी काढून घेऊ शकत नाही!"

आणि काय सांगू, लोक पुन्हा डळमळले. "पण पायाळू तर आहेत ना," अशी कुजबुज झाली. बाटली समोर होती, वास समोर होता, आणि तरी. माझं डोकं तापलं. मी काही बोलणार, एवढ्यात सुंदराबाई नारळ बाजूला ठेवून उठली. महाराज आजवर तिनं लांबूनच पाहिले होते. आता ती त्यांच्या दाढीजवळ जाऊन डोळे बारीक करून बघायला लागली.

"गुणो काय रे तू? खालच्या वाडीतलो?"

महाराज एक पाऊल मागे सरकले.

"मेल्या, पायाळू खंयचो? तुज्या आवशीची सुईण मीच! तुजां टकलां आधी इलां, माज्या ह्या हातात! पाय मागसून इले! आवशीक पत्र धाडून इचारू?"

हशा असा उसळला की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं भिंतीवर चढली. महाराज ज्या पायांनी चमत्कार करायचे त्याच पायांनी निघून गेले, आणि लाथेपेक्षा त्यांची धाव जास्त जोरदार होती.

मला वाटलं, संपलं. तर दशरथ माझ्या कानाशी येऊन म्हणतो कसा, "अंबादासभाऊ, हा तर ड्युप्लिकेट निघाला. खरा पायाळू कुठे मिळेल?"

मी कपाळाला हात लावला. लोकांना बाटलीनं पटलं नाही ते सुइणीनं पटलं होतं, आणि पटलं तेही अर्धंच. अरे, पायाळू असता तरी काय? मूल आडवं येवो की उभं, त्यानं दुसऱ्याच्या घोट्यातला पट्टा कसा शिवला जाईल?

लवूला मात्र फायनलचीच काळजी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मग उद्या?"

"उद्या तू बाकावर," ताई म्हणाल्या. मग त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, पत्र त्याला खेळण्यासाठी देणार की पाय मोडून घेण्यासाठी? एक फायनल हवी की दहा वर्षं खेळणारा खेळाडू?"

साहेब ओल्या पँटची आठवण झाल्यासारखे खाली बघत राहिले. सगळ्या लोकांसमोर त्यांना उत्तर देणं भाग होतं. "पत्र... पाय बरा झाल्यावर," ते म्हणाले. मी घड्याळात बघून तारीख आणि वेळ लिहून घेतली. सुंदराबाईनं तो नारळ फोडला नाही, घरी नेऊन माशाच्या आमटीत घातला.

अंधेरीला फायनल झाली. आम्ही चार गुणांनी हरलो. लवू पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून रडला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सहा आठवड्यांनी तो नीट चालत टाइम ऑफिसात आला आणि पर्मनंटच्या रजिस्टरवर सही केली. अक्षर इतकं घाणेरडं, पण मी त्या दिवशी काही बोललो नाही.

पुढच्या मोसमात ताईंचं टेबल पंख्याखाली आलं. खेळायच्या आधी पंधरा मिनिटं अंग गरम करणं, मुरगळलं की बर्फ, आणि ताई "हो" म्हणेपर्यंत बाकावर. आदल्या वर्षी सतरा दुखापती, त्या वर्षी पाच. लवूचा घोटा त्या पाचांत नव्हता.

आणि मग व्हायचं तेच झालं. एक दिवस साहेब हळूच ताईंच्या टेबलाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, आपल्यात राहील. खरं सांगा, तुम्ही पायाळू आहात ना?"

ताई पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली.

"नाही हो साहेब. मी आपली चारचौघांसारखी डोक्यानं जन्माला आले."

माझ्या वाचकांनो, आपणही बहुतेक सगळे तसेच आलो आहोत. उद्या कुणी तुमच्या दुखण्यावर लाथ घालायला आला, तर चार मिनिटं घड्याळ लावून थांबा आणि त्याच्या हातात काय आहे ते बघा. जगात आपलं डोकं आधी आलं होतं. नंतरही ते आधी वापरायला काय हरकत आहे?