खुणेच्या झाडांचं घर

माझे आजोबा टर्लो मॅकाटियर आयर्लंडहून पेनसिल्व्हेनियात उतरले, तेव्हा झाड कसं पाडायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. अल्स्टरमधल्या त्यांच्या गावाभोवती पाडायला झाडंच उरली नव्हती. पण हे कबूल करतील तर ते आजोबा कसले! बोटीवर त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की आपला जन्मच मुळी जंगलात झाला.

मोजणीदार आला. हद्दीवरच्या झाडांवर त्यानं कुऱ्हाडीनं फुल्या मारल्या आणि म्हणाला, "या फुल्यांच्या अलीकडचं तुझं."

आजोबांनी मान डोलावली, पण लक्ष होतं झाडांकडं. काय सरळसोट ओक! मोजणीदाराची पाठ वळताच त्यांनी नेमके तेच पाडायला घेतले.

"अरे, ही खुणेची झाडं ना?" ग्रिझेल आजीनं विचारलं.

"चांगल्या लाकडाची खूण आहे ती. बिचाऱ्यानं आपल्याला निवडून दिलीत."

झाडं गेली, तशी हद्दही गेली. जागा सपाट दिसली तिथं आजोबांनी ओंडके रचून घर उभं केलं. आजीनं स्वतः अक्रोडाच्या फळ्या तासून त्याला दार बसवलं.

पुढच्या वसंतात शेजारची जमीन घेतलेला जर्मन आला. योस्ट क्लाइनफेल्टर त्याचं नाव. टोपी हातात धरून तो आत आला, भिंती न्याहाळल्या आणि चुलीच्या वर भिंतीत बसवलेल्या ओंडक्यावर बोट ठेवलं.

"फुली," तो म्हणाला. मग दारातून लांबवर बोट दाखवलं. "फुली इथं. बुंधा तिथं. घर माझा जमीनवर."

"बुंधे काय, कुठंही असतात!" आजोबा उसळले.

योस्टनं थोडा विचार केला. "बुंधा चालत नाही."

आजी खो खो हसली. तिथंच घोटाळा झाला. नुसती जमीन गेली असती तर आजोबांनी सोसलं असतं. पण बायको परक्यासमोर हसली म्हटल्यावर त्यांनी पाय रोवले. "मी इथून तसूभर हलणार नाही!"

आजीनं वाद घातला नाही. दार उतरवलं, पाठीवर घेतलं आणि चालू लागली.

"कुठं निघालीस?"

"घरी."

"घर तर इथं आहे, बाई!"

"दार जाईल तिथं घर. तुला बाहेर राहायचं तर राहा."

बुंध्यांच्या अलीकडं दोन झाडांच्या मधे तिनं दार उभं केलं आणि त्याच्या मागं चूल मांडली. आजोबा बिनदाराच्या घरात ताठ मानेनं राहिले. एक दिवस कामावरून परत येतात तो योस्टची डुकरीण त्यांच्या अंथरुणात व्यालेली! आजोबांनी पाऊल आत टाकलं, आणि ती अशी अंगावर आली, की आजीच्या डोळ्यांदेखत ते ओढ्यापर्यंत पळाले.

चिखलानं माखलेले आजोबा आजीच्या दारापुढं येऊन उभे राहिले. दोन्ही बाजूंनी मोकळं रान होतं, पण बाजूनं जायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"टर्लो. आत येऊ दे ना, ग्रिझेल."

"डुकरीण काय म्हणते?"

आजोबांनी तोंडावरचा चिखल पुसला. मग हळूच म्हणाले, "तिचीच हद्द आहे म्हणते."

आजीनं दार उघडलं आणि हातात मक्याची लापशी दिली.

पिल्लं हिंडूफिरू लागल्यावर योस्ट बैल घेऊन आला. ओंडके ओढून अलीकडं आणले, आसपासची माणसं जमली आणि घर पुन्हा उभं राहिलं. जेवताना आजोबा उठले आणि प्याला उंचावून त्यांनी जाहीर केलं, की साफसूफ करून दिलेली जागा ते शेजाऱ्याला खुशीनं भेट देत आहेत! योस्टला शब्द कळले नाहीत. त्यानं टाळ्या वाजवल्या.

पुढं माझ्या वडिलांनी योस्टच्याच मुलीशी, अपोलोनियाशी, लग्न केलं, म्हणून मला ही हकिगत दोन्हीकडून ठाऊक. म्हातारपणी आजोबा पाहुण्यांना जमिनीच्या दानाची गोष्ट सांगायला बसत.  दानाचा प्रसंग जवळ आला, की तेवढ्यात आई त्यांच्यापुढं गरम मटण आणून ठेवायची. गरम मटण निवू देणं आजोबांना कधी जमलं नाही.